मागचा दिसतोय

मोहीम आखायची म्हणजे नकाशा पसरायचा, त्यावर बोट फिरवायचं आणि गाडीला किल्ली मारायची, असं ज्याला वाटतं ना, त्याला एकदा मिस्त्रींच्या गॅरेजवरच्या खोलीत आणून बसवावं. दोन तासांत कानाला खडा लावून जिना उतरेल. सहा देश, बहात्तर दिवस, अकरा हजार किलोमीटर, चार गाड्या. आणि एवढ्यासाठी गेल्या सात महिन्यांत त्या खोलीत जे कागद जमले होते, ते वाहून न्यायला पाचवी गाडी लागली असती. पहिल्या देशाला चालणारा गाडीचा कागद दुसऱ्याला चालत नाही. तिसरा म्हणतो, याच तारखेला याच फाटकातून आत या, एक दिवस अलीकडे नाही की पलीकडे नाही. चौथ्याची डोंगरातली चौकी वर्षातले चार महिने उघडी, बाकीचे आठ महिने बर्फाखाली. पाचवा तर पत्राला उत्तरच देत नव्हता. रुसलेल्या जावयासारखा गप्प बसला होता. माणशी बेचाळीस फोटो काढून झाले, आणि दातवाल्या डॉक्टरांनी दर फोटोत दात दाखवले म्हणून त्यांचे सगळे परत काढावे लागले. सरकारी कागदावर हसलेलं चालत नाही. एवढी एकच गोष्ट सहाही देशांना एकमताने मान्य होती.

मिस्त्री या कागदांच्या भानगडीत पडत नसत. ते खाली गाड्यांपाशी. बासष्ट वर्षांचं वय, त्यातली चाळीस वर्षं गाड्यांच्या पोटाखाली गेलेली. पाचव्या देशात दोन पंपांमध्ये पाचशे चाळीस किलोमीटर आहेत, तेव्हा टपावर किती कॅन चढवायचे. वाळूत चाकांतली हवा किती काढायची. स्प्रिंगचे पाटे जादा घ्यायचे की बेल्ट जादा घ्यायचे, हे त्यांना कोणी विचारावं आणि त्यांनी हात पुसत, मान न उचलता सांगावं. त्यांचा शब्द शेवटचा. ताफ्याचे म्होरके कप्तान, म्हणजे तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले आणि अजूनही खोलीतल्या पाच माणसांशी बसभर ऐकू जाईल असं बोलणारे, तेसुद्धा मिस्त्रींपुढे आवाज खाली आणत.

ही मोहीम आठ वर्षांपूर्वी एकदा निघाली होती. हाच रस्ता, हेच देश. पाचव्या देशातून परत फिरावं लागलं. चार गाड्या गेल्या, चार गाड्या परत आल्या. माणसं पाच गेली होती, चार परत आली.

जो परत आला नाही तो मास्तर. शाळेत भूगोल शिकवायचा. जग फिरायचं वेड त्याचंच, बाकीच्यांना त्यानेच नादी लावलं. मिस्त्रींचा तो लहानपणापासूनचा दोस्त, एका बाकावरचा. पाचव्या देशाच्या पठारावर, हाकेच्या अंतरात माणूस नाही अशा रस्त्यावर, त्याचं हृदय बंद पडलं.

आता त्या ताफ्याची चालायची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. गाड्या एकामागे एक चालायच्या. प्रत्येकाने आरशात आपल्या मागच्या गाडीवर नजर ठेवायची. पुढच्याची काळजी नाही करायची, मागच्याची करायची. दर दहा मिनिटांनी कप्तान पहिल्या गाडीतून वॉकीटॉकीवर ओरडायचे, "मागचा?" आणि दुसऱ्या गाडीने म्हणायचं, "दिसतोय." मग तिसऱ्या गाडीने म्हणायचं, "दिसतोय." कप्तानांच्या शेजारी त्यांचा मेहुणा वही घेऊन बसलेला असे, तो वेळ, किलोमीटर आणि 'सर्व दिसतात' असं लिहून टाकी. एखाद्याने 'दिसत नाही' म्हटलं की सगळा ताफा जागच्या जागी थांबवायचा आणि मागे वळायचं. इतकं साधं. मास्तरनेच बसवलेली रीत ती.

त्या दिवशी वहीत काय लिहिलं गेलं ते सगळ्यांना पाठ होतं. चार वाजून चाळीस मिनिटं: सर्व दिसतात. चार पन्नास: शेवटची गाडी दिसत नाही. ताफा वळला. दहा मिनिटांचा तर प्रश्न, नऊ-दहा किलोमीटरमध्ये मास्तर सापडायला हवा होता. सापडला पस्तीसच्याही पुढे. गाडी कडेला, तोंड पुढेच केलेलं, हँडब्रेक ओढलेला, आणि मास्तर स्टिअरिंगवर डोकं टेकून. कप्तान म्हणाले, "दुपारी जेवलो तिथे याची टिपणांची वही राहिली असणार. गेला असणार आणायला, न सांगता." वही गाडीतच होती. "बघा, घेऊन परत येत होता," कप्तान म्हणाले. दातवाले डॉक्टर म्हणाले, क्षणात गेला असणार, त्रास झाला नसणार. दातवालेच ते, पण पठारावर तेवढाच डॉक्टर होता.

आणि मग परत आल्यावर ताफ्याच्या नियमांच्या वहीत सगळ्यांच्या वर एक नियम चढला. 'कोणीही न सांगता मागे वळणार नाही.' त्याच्यापुढे कंसात कप्तानांच्या ढोबळ्या अक्षरात: मास्तरांचा नियम. कप्तानांच्या मनात वाईट नव्हतं. दोस्ताची आठवण म्हणून लिहिलं बिचाऱ्यांनी. पण आठवण कसली म्हणायची ती? मेलेल्या माणसाच्या नावावर त्याची चूक लिहून ठेवायची, आणि ती दर खेपेला मोठ्याने वाचायची!

चौथी गाडी आता मास्तरांची लेक चालवणार होती. तीस वर्षांची, जमीन मोजण्याच्या कामावर. दिवसभर उन्हात दुर्बीण लावून उभी राहणारी, कमी बोलणारी. बापाचीच गाडी तिने बाहेर काढली होती. ती आपणहून आली, कप्तानांना म्हणाली, "बाबांची राहिलेली वाट मला पुरी करायचीय." कप्तानांचे डोळे भरून आले. मिस्त्री जिन्यात उभे होते, ते तसेच खाली उतरले आणि उगाचच एका चाकाचे नट आवळत बसले. ते चाक सकाळीच आवळून झालं होतं.

त्यानंतर महिन्याभराने एका दुपारी ती गॅरेजमध्ये आली. हातात बापाच्या अक्षरातली सामानाची यादी आणि त्या जुन्या नोंदवहीच्या प्रती.

"काका, यादीतलं सगळं आहे गाडीत," ती म्हणाली. "जॅक, दोर, पाना, कंदील, सगळं. बाबांनी खूण केली तसंच. फक्त त्रिकोण नाही. तेव्हा परत आलेल्या सामानातच नव्हता. तुमच्याकडे जादा असेल तर द्या."

त्रिकोण म्हणजे बंद पडलेल्या गाडीच्या मागे रस्त्यावर ठेवतात तो लाल, चमकणारा, घडीचा. मिस्त्रींनी मान उचलली नाही. "बघतो," म्हणाले.

"आणि आणखी एक विचारायचं होतं. मी जुन्या वहीवरून वेग काढत होते, आपला रोजचा टप्पा ठरवायला." तिने कागद बॉनेटवर ठेवला. "चार चाळीसला बाबा तुमच्या मागे होते. साडेपाचला सापडले. पन्नास मिनिटं. तेवढ्यात जेवणाच्या जागेपर्यंत मागे जायचं, वही घ्यायची, वळायचं आणि सापडले तिथवर यायचं, म्हणजे ताशी नव्वदने पळवायला हवी. त्या रस्त्यावर तुम्ही कोणी पंचावन्नच्या वर गेला नव्हतात."

मिस्त्रींच्या हातातला पाना थांबला.

"म्हणजे पळवलीच असणार बाबांनी," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "आई म्हणते तेच खरं. एका वहीपायी जिवावर उदार झाले. मला तसे वाटले नव्हते हो ते कधी. पण आकडे आहेत, आकडे खोटं कशाला बोलतील?"

आकडे खोटं बोलत नव्हते, माणूस बोलला होता. आणि तो माणूस तिच्यापुढे हातात पाना धरून उभा होता.

सांगून टाकू आता. त्या दिवशी शेवटची गाडी मिस्त्रींचीच असायला हवी होती. मिस्त्री मागे असला की कुणाचीही गाडी बंद पडली तरी तो येऊन गाठतो, म्हणून ती जागा त्याची. पण शेवटच्या गाडीला तिन्ही गाड्यांची धूळ खावी लागते. मिस्त्रींना तीन दिवस खोकल्याने बेजार केलं होतं. सकाळी मास्तर म्हणाला, "तू हो पुढे. आज मी खातो तुझ्या वाटणीची धूळ." आणि गेला मागे.

चारच्या सुमाराला ऊन मागून येऊन आरशातून थेट डोळ्यांत घुसायला लागलं. मिस्त्रींनी आरसा वर ढकलला. त्यात नुसतं गाडीचं छत दिसू लागलं. बाजूचा आरसा धुळीने माखलेला. थांबून पुसायला हवा होता, पुसला नाही. चार दहाला कप्तान ओरडले, "मागचा?" आणि मिस्त्रींच्या तोंडून, रोज शंभर वेळा निघायचं तसं निघालं, "दिसतोय." मनात खोट नव्हती हो. तोंडाला सवय होती, बस. चार वीसला, "दिसतोय." चार तीसला, "दिसतोय." चार चाळीसला, "दिसतोय." चार पन्नासला ऊन टेकडीआड गेलं, मिस्त्रींनी आरसा खाली केला, आणि मागे रस्ता मोकळा होता.

सगळ्यात पुढे, वेड्यासारखे मिस्त्रीच परत सुटले. बाकीच्यांच्या दहा मिनिटं आधी पोचले. आणि गाडीच्या मागे त्यांना दिसला तो रस्त्यावर नीट उघडून ठेवलेला लाल त्रिकोण. त्यावर रंगाने काढलेला चारचा आकडा, मास्तरच्या गाडीचा नंबर. गाडीपासून बरोबर पन्नास पावलं, नियमाप्रमाणे. छातीत कळ येत असताना तो माणूस पन्नास पावलं मागे चालत गेला होता, त्रिकोण मांडला होता, आणि पन्नास पावलं परत येऊन गाडीत बसला होता. वॉकीटॉकी दोन-तीन किलोमीटरपलीकडे पोचत नसे आणि ताफा तोवर त्याच्या पार गेला होता, म्हणून आपल्या माणसांची वाट बघत. ती येणारच होती ना! दहा मिनिटांत कळतं, अशी रीत त्याने स्वतःच बसवली होती.

त्याचा हात मिस्त्रींनी धरला तेव्हा तो कोमट होता.

मागून बाकीच्या गाड्यांचे दिवे दिसायच्या आत मिस्त्रींनी तो त्रिकोण उचलला, घडी घातली आणि आपल्या सीटखाली सरकवला. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आधी हाताने केलं, मग डोक्याला कळलं. कप्तान आले, त्यांनी वहीचं काढलं, आणि मिस्त्री गप्प बसले. वाटलं, रात्री सांगू. मग वाटलं, घरी गेल्यावर सांगू. मग मास्तरच्या बायकोसमोर, वहिनींसमोर उभं राहवेना म्हणून पुढच्या आठवड्यात. आठ वर्षं झाली. नियमांच्या वहीत दुसरा नियम होता: वॉकीटॉकीवर खोटं बोलेल तो ताफ्यात राहणार नाही. सांगितलं की बाहेर. आणि या मोहिमेखेरीज मिस्त्रींना आयुष्यात आता दुसरं काही उरलं नव्हतं. पठारावर त्या जागी एकदा जाऊन उभं राहायचं, एवढ्यासाठी त्यांनी ही सगळी खटपट पुन्हा मांडायला कप्तानांना भरीला घातलं होतं.

"काका?" लेक म्हणाली. "बरं वाटत नाही का?"

"त्रिकोण बघतो," मिस्त्री पुन्हा म्हणाले.

ती जाताना वळली. "आणि काका, मी कप्तानकाकांना सांगितलंय, मला तुमच्या मागेच ठेवा. बाबा म्हणायचे, मिस्त्री पुढे असो की मागे, त्याच्या जोडीच्या गाडीने बिनघोर राहावं."

तोंडात मारल्यासारखे मिस्त्री उभे राहिले. ती गेल्यावर स्टुलावर बसले ते दिवे लागेपर्यंत.

घरी बायको पान वाढून बसली होती. मिस्त्री नुसते ताटात बोटं फिरवत होते. ती बघत होती. चाळीस वर्षांचा संसार. हा माणूस वायसर हरवला तर कसा दिसतो आणि माणूस हरवला तर कसा दिसतो, तिला कळत होतं.

"रंगाच्या कपाटाला तुम्ही आठ वर्षं कुलूप लावून ठेवलंय," ती म्हणाली. "आधी मला वाटलं, आत बाई ठेवलीय की काय. मग म्हटलं, एवढ्याशा कपाटात बाई मावायची नाही."

मिस्त्री हसले नाहीत.

"पोरीला सामानाची यादी पुरी करायचीय ना?" ती हळूच म्हणाली. "ती इथेही येऊन गेली. त्रिकोण नाही म्हणत होती."

"तुला माहीत आहे?"

"मला काही माहीत नाही. मी एकदा किल्लीने कपाट उघडलं होतं, चार नंबर बघितला आणि लावून टाकलं. तुम्ही सांगाल म्हणून थांबले. आता मी म्हातारी व्हायला लागले हो, किती थांबू?" तिने पदराने डोळे पुसले आणि रागाने ताटात भात आपटला. "जेवा. आणि काय ते करा."

नियमांची सही रविवारी होती. ताफ्यात नवा माणूस आला की त्याने उभं राहून सगळे नियम मोठ्याने वाचायचे आणि खाली सही करायची, मग बाकीच्यांनी. वरच्या खोलीत टेबलावर सहा तुकडे चिकटवून केलेला नकाशा पसरला होता, चार कोपऱ्यांवर चार कप ठेवून दाबलेला. कप्तान धुतलेला शर्ट घालून आले होते. दातवाले डॉक्टर औषधांची पेटी तिसऱ्यांदा मोजत होते. पाचव्या देशाचं पत्र आदल्याच दिवशी आलं होतं, या म्हणून. सगळ्यांच्या अंगात वारं शिरलं होतं. मिस्त्री सगळ्यात शेवटी वर आले, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काखेत धरून, आणि दाराजवळच्या खुर्चीत बसले.

लेक उभी राहिली. वही हातात घेतली.

"नियम पहिला," ती वाचू लागली. "मास्तरांचा नियम. कोणीही न सांगता मागे वळणार नाही."

कप्तान नकाशाकडे बघत होते. त्यांनाही तो कंस आत्ता पहिल्यांदा टोचला असावा. लेक पुढचे अकरा नियम सरळ, एका सुरात वाचून गेली. आणि वाकून, पेन उघडून, खाली सही करायला लागली. आपल्या बापाच्या चुकीखाली.

"थांब," मिस्त्री म्हणाले. "सही करू नकोस."

ते उठले. वर्तमानपत्र सोडलं. त्रिकोण उघडून नकाशावर ठेवला. लाल काच धुळकट झाली होती, चारचा आकडा मात्र ठसठशीत होता. मास्तरच्याच हातचा.

मग त्यांनी सांगितलं. बसले नाहीत, उभ्यानेच सांगितलं. खोकला, ऊन, वर ढकललेला आरसा. चार दहा, चार वीस, चार तीस, चार चाळीस. प्रत्येक वेळ वेगळी सांगितली. एकदम 'चार वेळा' म्हटलं असतं तर सोपं गेलं असतं, ते सोपं त्यांना नको होतं. "तो मागे वळला नव्हता," ते म्हणाले. "पुढेच येत होता. कळ आली म्हणून थांबला. त्रिकोण लावला आणि आपली वाट बघत बसला. मी म्हणत होतो, दिसतोय."

"अरे," कप्तान म्हणाले. एवढंच. बसभर ऐकू जाणारा तो आवाज कुठल्या कुठे गेला. मग तेच पुन्हा, "अरे, आणि मी तो नियम..." डॉक्टरांनी चष्मा काढला. "क्षणात गेला म्हणालो होतो मी," ते स्वतःशीच पुटपुटले. "मला काय माहीत होतं? मी आपलं बरं वाटावं म्हणून म्हणालो."

लेक त्रिकोणाकडे बघत होती. हात लावला नाही.

"गाडीपासून किती लांब होता?" तिने विचारलं.

"पन्नास पावलं."

"तुम्ही मोजली होतीत?"

"मोजली होती."

"नियमात पन्नासच आहेत," ती म्हणाली. "पन्नास जाऊन पन्नास परत. आणि चार दहाला तुम्ही बघितलं असतंत, तर?"

मिस्त्रींनी हे उत्तर आठ वर्षं रोज काढलं होतं. "चार वीसच्या आत पोचलो असतो."

"आणि मग?"

"ते मला माहीत नाही, बाळ. डॉक्टरांनाही सांगता येणार नाही. कदाचित वाचला नसता. पण एकटा नसता."

ती रडली. उभ्याउभ्या, तोंडावर हात न घेता, लहान मुलासारखी रडली. कुणाची पुढे व्हायची हिंमत झाली नाही. मग तिने बाहीने तोंड पुसलं, पेन घेतलं, आणि वहीतल्या पहिल्या नियमापुढचा कंस दोनदा खोडला. कागद फाटेस्तोवर खोडला.

"दुसरा नियम मला ठाऊक आहे," मिस्त्री म्हणाले. "माझं नाव काढा. गाड्या मी तयार करून देतो."

"ते नंतर," ती म्हणाली. त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "आधी आईला सांगा. मी नाही सांगणार. तुम्ही एकटे जा, आणि तो घेऊन जा."

मास्तरांचं घर चार गल्ल्या सोडून. आठ वर्षांत मिस्त्री त्या गल्लीतून गेले नव्हते. सुट्या भागांच्या दुकानाला जायला तीच जवळची वाट, पण ते वळसा घालून जात. वहिनी पुढच्या खोलीत शिवणाच्या मशीनवर बसल्या होत्या. लेकीच्या गाडीच्या सीटला जाड कापडाचं आवरण शिवत होत्या, दोन टाके घालून परत परत ओढून बघत. "या भाऊजी," म्हणाल्या. "वाट चुकलात?"

मिस्त्री खुर्चीत बसले नाहीत. पुन्हा उभ्यानेच सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना सोपं जातं म्हणतात. साफ खोटं आहे. वहिनींचा पाय मशीनच्या पायट्यावरच होता. त्रिकोण त्यांनी मांडीवर घेतला आणि चारच्या आकड्यावरून बोट फिरवत राहिल्या. शेवटी पाय खाली घेतला.

"मी भांडतेय हो त्यांच्याशी," त्या म्हणाल्या. "आठ वर्षं. रोज. सकाळी मशीनवर बसले की सुरू. काय होतं त्या वहीत? आमच्यापेक्षा मोठं होतं? लोक सांत्वनाला यायचे तेव्हा मला रडू यायचं नाही, रागच यायचा. पोरीला म्हटलं, तुझा बाप आपल्याला विसरून वहीमागे गेला. तिच्या तोंडावर म्हटलं मी हे." त्यांनी मिस्त्रींकडे बघितलं. "तुम्ही मला माझं माणूस जाऊन नीट रडूसुद्धा दिलं नाहीत, भाऊजी."

मिस्त्रींना एवढंच ठाऊक होतं की आपण एका मेलेल्या माणसाचं नाव खराब केलं. जिवंत माणसाच्या रोजच्या सकाळी आपण खाल्ल्या, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. ते दाराजवळ खालीच बसले आणि ओक्साबोक्शी रडले.

वहिनींनी त्यांना थांबवलं नाही. मग विचारलं, "हात कोमट होता म्हणालात."

"हो."

"धरून बसला होतात?"

"डॉक्टर येईपर्यंत. दहा मिनिटं."

त्यांनी मान हलवली. त्रिकोणाची घडी घातली, पुन्हा उघडला. पदराच्या टोकाने लाल काच पुसायला लागल्या; एक बाजू, दुसरी, तिसरी, सावकाश.

"मी नाव काढून घेतलंय, वहिनी," मिस्त्री म्हणाले. "मोहिमेत मी नाही."

"ते तुम्ही कोण ठरवणार?" वहिनी एकदम ताडकन म्हणाल्या. "मिस्त्री नाही तर माझी पोरगी सहा देश कुणाच्या भरवशावर जाणार? त्या दातवाल्याच्या? जाल तुम्ही. पण पोरीच्या पुढे चालायचं नाही. शेवटची गाडी तुम्ही घ्या. ती जागा तुमचीच होती."

मिस्त्रींनी हात जोडले.

वहिनींनी पुसलेला त्रिकोण घडी घालून त्यांच्या हातात दिला.

"हा तुमच्या गाडीत ठेवा," त्या म्हणाल्या. "आणि कुठे थांबावं लागलं तर भिऊ नका. तुमच्या पुढे माझी लेक असेल. ती आरशात बघते."